आकाश न पाहता मांडलेली पत्रिका

मिंग राजवटीत चीनमध्ये दरवर्षी जे सरकारी पंचांग निघत असे, त्याच्यावर एक इशारा छापलेला असे. हे पंचांग दरबाराच्या खगोल-खात्याने मंजुरी घेऊन छापले आहे. त्याची बनावट प्रत काढणाऱ्याचा शिरच्छेद होईल. अशा माणसाला पकडून देणाऱ्यास सरकारातून 50 लिआंग चांदी मिळेल. आणि ज्या प्रतीवर खात्याची मोहोर नाही ती खासगी, म्हणजे बेकायदा, समजली जाईल. नाणी पाडण्यावर किंवा मीठ विकण्यावर राजसत्तेने हक्क सांगावा हे समजण्यासारखे आहे. पण आज कोणता दिवस आहे हे सांगणाऱ्या पुस्तिकेसाठी माणसाचे डोके उडवावे, हे वाचून थबकायला होते. चिनी जन्मपत्रिका कशी मांडतात आणि ती तशीच का घडली, याचे उत्तर मला या इशाऱ्यात दिसते. 'बाझी', म्हणजे आठ अक्षरे, या नावाने ओळखली जाणारी ही पत्रिका सरकारी पंचांगातून उतरवून घेतलेली आहे. जन्माच्या वेळी ग्रह कुठे होते हे ती विचारत नाही. त्या वर्षाला, महिन्याला, दिवसाला आणि प्रहराला पंचांगात कोणते नाव होते एवढेच ती विचारते, आणि त्या नावांतून सारे आयुष्य वाचते. आकाशातून नव्हे, राज्याच्या कालगणनेतून निघालेले हे शास्त्र आहे, असे माझे म्हणणे आहे. त्यावर जे आक्षेप येऊ शकतात त्यांनाही तोंड द्यायला हवे.

आधी मांडणी पाहू. आपल्याकडे पत्रिका करायची म्हणजे जन्मगाव आणि जन्मवेळ घेऊन लग्न काढायचे, बारा स्थाने पाडायची आणि नऊ ग्रह त्या त्या स्थानी बसवायचे. बाझीत स्थाने नाहीत, ग्रह नाहीत, जुन्या रीतीत जन्मगावही नाही. आहेत ते चार उभे स्तंभ: वर्षाचा, महिन्याचा, दिवसाचा आणि प्रहराचा. प्रत्येक स्तंभात वर एक अक्षर आणि खाली एक अक्षर. वरची अक्षरे दहांच्या मालेतली, त्यांना खोडे म्हणतात. खालची बारांच्या मालेतली, त्या फांद्या. उंदीर, बैल, वाघ ही जी बारा जनावरे आपल्या कानांवर येतात ती या फांद्यांचीच लोकांच्या तोंडची नावे. दोन्ही माला एकमेकींशेजारी चालवल्या की साठ जोड्या होतात आणि एकसष्टाव्या खेपेला पहिली जोडी पुन्हा येते. दर अक्षराला लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी यांपैकी एक तत्त्व आणि यिन किंवा यांग हा स्वभाव चिकटलेला असतो.

उदाहरण म्हणून छियानलोंग बादशहाची आठ अक्षरे घेऊ. त्याचा जन्म 25 सप्टेंबर 1711 चा, आठव्या चांद्र महिन्याच्या तेराव्या दिवसाचा, प्रहर मध्यरात्रीचा. 1711 हे साठांच्या चक्रात शिन-माओ वर्ष. हा पहिला स्तंभ. येथे वर्ष बदलते ते चांद्र नववर्षाला नाही, साधारण 4 फेब्रुवारीला 'वसंतारंभ' नावाचा सौर टप्पा येतो तेव्हा. महिनाही असाच सौर टप्प्यांनी मोजायचा. सप्टेंबरच्या आठ तारखेच्या सुमारास 'शुभ्र दव' हा टप्पा येतो आणि तेथून आठवा महिना, योऊ फांदीचा, सुरू होतो. या महिन्याचे खोड कोणते, ते वर्षाच्या खोडावरून ठरते: शिन वर्षात पहिला महिना गंग-यिन असतो, तेथून ओळीने मोजत गेले की आठवा येतो डिंग-योऊ. दिवसाला नियम नाही. तो पंचांगातच पाहावा लागतो, आणि तो होता गंग-वू. प्रहर दोन-दोन तासांचे बारा. रात्री अकरा ते एक हा पहिला, झी. गंग दिवसाचा पहिला प्रहर बिंग-झी असतो. अशी आठ अक्षरे झाली: शिन-माओ, डिंग-योऊ, गंग-वू, बिंग-झी. हा पहिला प्रहर मध्यरात्र ओलांडून जातो, त्यामुळे दिवस अकराला बदलायचा की बाराला, यावर पत्रिका मांडणाऱ्यांत आजही दोन पक्ष आहेत. हा वाद आकाश पाहून सुटणारा नाही, कारण तो आकाशाविषयीचा नाहीच. दिवसाची नोंदवही कोणत्या क्षणी पालटायची, एवढाच त्यातला प्रश्न आहे.

ही साठांची गणना फार जुनी आहे. 1899 मध्ये वांग यीरोंग या विद्वानाने औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या हाडांवरची कोरीव अक्षरे ओळखली. ती हाडे हनान प्रांतातल्या आनयांगची, शांग राजांच्या प्रश्नविद्येची, म्हणजे आजपासून तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. त्यांवर दिवस या साठ नावांनीच मोजलेले आहेत. एका हाडावर कौल वगैरे काही नाही, साठच्या साठ जोड्यांचा तक्ता तेवढा ओळीने कोरलेला आहे. 'वसंत आणि शरद' या इतिवृत्तात इ. स. पू. 720 च्या एका सूर्यग्रहणाचा दिवस जी-स असा दिला आहे. ते ग्रहण आधुनिक गणिताने 22 फेब्रुवारीला पडते, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत साठ-साठ मोजत आलो तर एकाही दिवसाची चूक निघत नाही. राजवटी बदलल्या, देश कितीदा फुटला आणि जुळला, तरी ही मोजणी तुटली नाही.

येथे पहिला आक्षेप येतो. बारा फांद्यांचे चक्र मुळात गुरूच्या भ्रमणावरून आले, मग हे आकाशाशी संबंध नसलेले कसे? वर्षांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. गुरू सुमारे 11.86 वर्षांत फेरी पूर्ण करतो आणि प्राचीन चिनी गणकांनी वर्षाला त्याच्या जागेवरून नाव दिले होते. पण बारा आणि 11.86 यांतले अंतर साठत गेले, गुरू पंचांगाच्या पुढे निघून जाऊ लागला, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत हान दरबाराने खऱ्या गुरूचा नाद सोडून वर्षे नुसती ओळीने मोजायला घेतली. मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. पाडव्याला आपण ज्या संवत्सराचे नाव वाचतो ते साठांचे चक्रही गुरूपासूनच निघाले. उत्तर भारतात ते गुरूच्या गतीशी बांधलेले राहिल्याने मधूनच एखादे संवत्सर गळते, महाराष्ट्रात आणि दक्षिणेत मात्र ते ओळीने मोजले जाते. चीनने हीच ओळीची वाट धरली आणि पुढे दिवस, महिने, प्रहर सगळ्यांना लावली. नाते सुरुवातीला होते. पत्रिका जन्माला आली तेव्हा ते तुटून कितीतरी शतके लोटली होती.

नावावरून नशीब वाचण्याची सवय किती जुनी आहे आणि ती कोणाच्या घरी नांदत होती, याचा फार बोलका पुरावा हुबेई प्रांतात शुइहूदी येथे 1975 मध्ये सापडला. क्र. 11 च्या थडग्यात शी नावाचा, इ. स. पू. 262 मध्ये जन्मलेला, छिन राज्याचा एक स्थानिक अधिकारी पुरलेला होता. त्याच्या देहाभोवती हजाराहून अधिक बांबूच्या पट्ट्या होत्या. त्यांतल्या बहुतेकांवर कायदे, तपासाचे नमुने, अधिकाऱ्याने कसे वागावे याचे नियम. आणि त्यांच्याच सोबत दोन 'दिवसांच्या पोथ्या'. कोणत्या दिवशी प्रवासाला निघावे, केव्हा घर बांधावे, केव्हा कपडे शिवावेत, हे सारे त्यांत आहे. आणि साठांपैकी कोणत्या दिवशी जन्मलेले मूल कसे निघेल याची यादीही आहे. एखादे खाण्यापिण्याचे शौकीन होईल, एखादे लवकर पोरके होईल, एखादे चढत्या पदाला जाईल. ही पोथी कुणा बैराग्याच्या गुहेत मिळाली असती तर वेगळे बोललो असतो. ती मिळाली तारखा घालून दस्तऐवज लिहिणाऱ्या, मुदती मोजणाऱ्या, उशीर झाला म्हणून दंड करणाऱ्या माणसाच्या थडग्यात. कायद्याच्या पट्टीवर जी दिननावे, तीच भविष्याच्या पट्टीवर.

ग्रहांची पत्रिका चीनला माहीतच नव्हती असे मात्र कुणी समजू नये, आणि येथे भारताचा थेट संबंध येतो. तांग काळात राजधानी छांगआनमध्ये मूळ भारतीय असलेले गौतम घराणे खगोल-खात्यात पिढ्यान्‌पिढ्या अधिकारावर होते. त्यातल्या गौतम सिद्धाने 718 मध्ये 'नवग्रह' गणिताचा भारतीय ग्रंथ चिनीत उतरवला. 759 मध्ये अमोघवज्र या बौद्ध आचार्याने नक्षत्रे, राशी आणि वार यांवरचा ग्रंथ चिनीत आणला. राहू आणि केतू चीनमध्ये लुओहोऊ आणि जीदू या नावांनी नांदू लागले. दुनह्वांगच्या गुहेत 974 सालची, कांग झुन याने 930 मध्ये जन्मलेल्या माणसासाठी केलेली पत्रिका मिळाली आहे. तिच्यात हे दोघे आणि इतर ग्रह आपापल्या जागी बसलेले आहेत. म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकात चिनी माणसापुढे दोन्ही वाटा खुल्या होत्या. ग्रहांची विद्या गणिताने अधिक समृद्ध, बौद्ध धर्माच्या प्रतिष्ठेने आलेली. तरीही ती कोपऱ्यात राहिली आणि आठ अक्षरांची विद्या घरोघर गेली. हे का घडले याचा उलगडा करावाच लागतो.

653 च्या तांग कायद्यात एक कलम आहे: आकाश पाहण्याची उपकरणे, खगोलाचे ग्रंथ, भविष्यवाणीच्या पोथ्या, युद्धशास्त्राची पुस्तके आणि सात ग्रहांचे पंचांग खासगी माणसाने जवळ बाळगू नये, बाळगल्यास दोन वर्षे सक्तमजुरी. यामागचे कारण उघड आहे. बादशहा हा स्वर्गाचा पुत्र. स्वर्गाची मर्जी फिरली हे ग्रह-धूमकेतूंवरून कळते. ते ज्याला वाचता येते त्याला बंडाचा मुहूर्तही काढता येतो. म्हणून आकाश सरकारजमा. पण पेरणी, सण, करवसुली, न्याय यांसाठी तारखा तर प्रजेला द्यायलाच हव्यात. म्हणून आकाशाचे गणित खात्याच्या भिंतींआड राहिले आणि त्याचे फळ, पंचांग, गावोगाव वाटले गेले. प्रजेच्या हाती जे आले त्यातूनच प्रजेने भविष्य घडवले.

यावर कुणी म्हणेल की कायदा कागदावरच राहतो. कांग झुनने पत्रिका केलीच ना? केली, आणि ती सीमेवरच्या, राजधानीपासून फार दूरच्या दुनह्वांगला केली. पण मी सारा भार कायद्यावर टाकत नाही. ग्रहांची पत्रिका मांडायला दरवर्षीच्या ग्रहस्थितीची कोष्टके लागतात आणि ती वापरणारा शिकलेला माणूस लागतो. आठ अक्षरांना एक पंचांग आणि दोन पाठ केलेले नियम पुरतात. आणि पंचांगांना तर तोटा नव्हता. 835 मध्येच एका अधिकाऱ्याने बादशहाकडे तक्रार केली की सछ्वान आणि ह्वाईनान भागांत खात्याचे पंचांग निघण्याआधीच छापील पंचांगे बाजारात येतात, ती थांबवावीत. बंदी घालूनही ती थांबली नाहीत. 877 सालचे, शुभाशुभाच्या चित्रांनी आणि कोष्टकांनी खच्चून भरलेले एक छापील पंचांग दुनह्वांगलाच मिळाले. पुढे मंगोल युआन सरकारने पंचांगाचा मोठा व्यापार केला. 1328 या एका वर्षात सरकारने 31 लाख 23 हजार 185 प्रती विकल्याची नोंद राजवटीच्या इतिहासात आहे. तारखांचा एवढा पुरवठा असताना ग्रहांच्या कोष्टकांवर उभी असलेली विद्या आठ अक्षरांपुढे टिकणे अवघड होते. जी टिकली तीही बदलून. 'झीवेई दोऊशू' नावाची दुसरी प्रसिद्ध चिनी पत्रिका पाहावी: तिच्यात आपल्यासारखी बारा स्थाने आहेत, ताऱ्यांची मोठी मांदियाळी आहे, पण ते तारे आकाशातल्या जागेवरून बसवत नाहीत, चांद्र महिना, तिथी आणि प्रहर यांवरून मोजून बसवतात. नाव ताऱ्यांचे, गणित पंचांगाचे.

आठ अक्षरांची विद्या आज जशी आहे तशी एकदम झाली नाही. आरंभीचे ठळक नाव ली शूझोंग या तांग अधिकाऱ्याचे. तो 813 मध्ये वारला आणि त्याचा मृत्युलेख हान यू या थोर गद्यकाराने लिहिला. जन्माचे वर्ष, महिना, दिवस यांच्या अक्षरांवरून ली आयुष्य आणि पद सांगत असे, असे त्यात नमूद आहे. पुढे परंपरा श्यू झीपिंगचे नाव घेते आणि सोंग काळात दोन मोठे बदल पक्के झालेले दिसतात: प्रहराचा चौथा स्तंभ रुजला, आणि माणूस म्हणजे वर्षाचे खोड हे मागे पडून माणूस म्हणजे दिवसाचे खोड असे ठरले. हा दुसरा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. वर्षाने माणूस ओळखायचा म्हणजे तो कोणत्या पिढीचा, कोणत्या कुळाचा हे पाहायचे. दिवसाने ओळखायचा म्हणजे त्याला एकट्याला पाहायचे. सोंग काळात जुनी सरदार घराणी मोडली होती आणि परीक्षा देऊन कुणाचाही मुलगा अधिकारी होऊ शकत होता, निदान तशी आशा धरू शकत होता. त्या आशेला आणि तिच्याबरोबर आलेल्या धाकधुकीला कुळाची पत्रिका पुरणार नव्हती.

या धाकधुकीवर केवढा बाजार उभा राहिला! वांग आनशी या लेखकाने राजधानी काइफंगमधल्या भविष्यवाल्यांची संख्या दहा हजारांच्या हिशेबात सांगितली आहे. ती लेखकाची अतिशयोक्ती धरली तरी संख्या मोठी होतीच. झांग झेदुआनने बाराव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या नदीकाठच्या लांबलचक पटचित्रात अशी एक टपरी स्पष्ट दिसते. तिला तीन पाट्या टांगल्या आहेत, त्यांतली एक नशीब पाहण्याची, एक शंका सोडवण्याची. शेन क्वो या शास्त्रज्ञाने तर धंद्याची रीतच लिहून ठेवली आहे. परीक्षेच्या हंगामात काही भविष्यवाले येईल त्याला 'पास होशील' म्हणतात आणि आजचा गल्ला भरतात. काही येईल त्याला 'नाही' म्हणतात. दहांतले सातांहून अधिक उमेदवार नापास होतातच, ते या माणसाला खरा आणि परखड मानतात, आणि पुढच्या खेपेला त्याचे गिऱ्हाईक दुप्पट होते.

आता वाचनाकडे. दिवसाचे खोड म्हणजे 'मी'. बाकीची सात अक्षरे या 'मी'शी कशी वागतात ते पाहायचे. छियानलोंगच्या पत्रिकेत 'मी' आहे गंग, म्हणजे यांग धातू. महिना योऊ, ऐन शरदाचा, धातूच्या भराचा. म्हणजे हा धातू बळकट. बळकट धातू तापवल्यावाचून त्याचे पाते होत नाही, आणि येथे डिंग आणि बिंग असे दोन अग्नी दोन बाजूंना आहेत, दिवसाखालच्या वू फांदीतही अग्नी आहे. शिवाय झी, वू, माओ, योऊ या चार फांद्या म्हणजे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. चारी दिशा एका पत्रिकेत. पुढे दहा-दहा वर्षांचे टप्पे काढायचे, आपल्या महादशांसारखे. वर्षाचे खोड यिन आणि जातक पुरुष, म्हणून जन्मापासून मागच्या सौर टप्प्यापर्यंतचे दिवस मोजायचे. ते सुमारे 17. तीन दिवसांना एक वर्ष या दराने साधारण सहाव्या वर्षी पहिला टप्पा लागतो आणि महिन्याच्या स्तंभावरून उलट मोजत बिंग-शन, यी-वेई, ज्या-वू असे टप्पे येत जातात.

पण माझे लक्ष वेधून घेतात ती या नात्यांची नावे. 'मी'ला जो दाबतो तो 'अधिकारी'. 'मी'ला जो जन्म देतो, पोसतो, तो 'शिक्का', म्हणजे नेमणुकीची मोहोर. 'मी' ज्याला दाबतो ती 'संपत्ती'. 'मी'मधून जे बाहेर पडते, बुद्धी, बोलणे, कला, त्यातल्या एका रूपाला 'अधिकाऱ्याला जखमी करणारा' म्हणतात, कारण ते तत्त्व अधिकाऱ्याच्या तत्त्वावर मात करते. बंडखोर बुद्धीच्या माणसाला नोकरी लाभत नाही, हे कचेरीतले शहाणपण येथे तत्त्वांच्या भाषेत लिहिलेले आहे. आपल्या पत्रिकेत सूर्य राजा आणि मंगळ सेनापती असतो, तो ग्रहांचा दरबार आहे. बाझीत मधे कुणी देव नाही, उमेदवार थेट नोकरशाहीसमोर उभा आहे. आणि स्त्रीची पत्रिका वाचताना हीच चौकट कशी फिरवतात ते पाहिले की मन अस्वस्थ होते. पुरुषाच्या पत्रिकेत 'मी' ज्याला दाबतो ती संपत्ती आणि तीच बायको. स्त्रीच्या पत्रिकेत तिला जो दाबतो तो अधिकारी, आणि तोच नवरा. 'अधिकाऱ्याला जखमी करणारा' तिच्या पत्रिकेत प्रबळ असला की ती नवऱ्याला बाधणारी ठरते. म्हणजे जी बुद्धी मुलाच्या पत्रिकेत निदान नोकरीपुरती खोट होती, ती मुलीच्या पत्रिकेत लग्न मोडायला पुरेशी. लग्नाच्या बोलण्यांत दोन्ही घरे आठ अक्षरे लिहिलेली पत्रे एकमेकांना देत. मुलीचे पत्र मुलाच्या घरी पूर्वजांपुढे ठेवत आणि तीन दिवसांत भांडे फुटले, भांडण झाले, तर ते परत जाई. असे किती मुलींच्या वाट्याला आले असेल याची मोजदाद कुणीच ठेवली नाही.

ही विद्या खरी ठरते का, हा आक्षेप चीनमध्ये फार लवकर आणि फार नेमकेपणाने घेतला गेला. पहिल्या शतकात वांग छोंग या विचारवंताने छांगपिंगच्या लढाईचा दाखला चर्चेला घेतला: इ. स. पू. 260 मध्ये छिन सेनापतीने झाओचे चार लाख सैनिक मारले असे इतिहास सांगतो. त्या चार लाखांचे नशीब एकच होते काय? स्वतः वांग छोंगने राज्याचे नशीब माणसाच्या नशिबावर मात करते असे उत्तर दिले. सातव्या शतकात ल्यू त्साईने बादशहाच्या हुकुमावरून शुभाशुभाची पुस्तके तपासली तेव्हा तोच दाखला पुढे केला आणि छिन शी हुआंगसारख्या राजांच्या जन्मतारखा घेऊन पोथीतले फळ आणि घडलेला इतिहास जुळत नाहीत हे दाखवले. बाराव्या शतकाच्या अखेरीस फेई गुनने सरळ गणित मांडले: दिवसाचे 12 प्रहर, वर्षाचे 360 दिवस, म्हणजे वर्षात 4,320 पत्रिका, साठ वर्षांत 2,59,200. मोठ्या एका जिल्ह्यातच लाखो माणसे असतात; मग एकाच प्रहरी जन्मलेल्या राजपुत्राचे आणि हमालाचे आयुष्य वेगळे का? हे गणित आजही खोडून काढता येत नाही. भविष्य म्हणून बाझी या आक्षेपापुढे उभी राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पण फेई गुनचे गणित माझ्या मुद्द्याला बळच देते. पत्रिकांची संख्या मर्यादित आहे, कारण ती पंचांगाच्या पानांची संख्या आहे. ग्रह मिनिटामिनिटाला सरकतात, लग्न गावागावाला बदलते. पंचांगातला प्रहर साऱ्या साम्राज्याला एकच.

सर्वांत वजनदार आक्षेप सूर्याचा आहे. महिन्याचा स्तंभ सौर टप्प्यांनी बदलतो आणि सौर टप्पा म्हणजे सूर्याची क्रांतिवृत्तावरची जागा. मग आकाश आलेच की. आले, पण खात्याच्या दारातून आले. 1645 पर्यंत हे टप्पे वर्षाचे 24 सारखे भाग करून, साधारण 15.2 दिवसांचा एक, असे ठरवत. सत्ता मांचूंच्या हाती गेल्यावर जर्मन जेझुइट पाद्री ॲडम शाल याने केलेले नवे पंचांग 1645 पासून लागू झाले आणि त्यात टप्पे सूर्याच्या खऱ्या गतीने, 15-15 अंशांनी घेतले. सूर्याची गती वर्षभर सारखी नसल्याने संपातांच्या आसपास दोन्ही रीतींत दोन दिवसांपर्यंत अंतर पडते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस जन्मलेले मूल घ्या. जुन्या रीतीने 'शुभ्र दव' उलटून गेलेले, महिना योऊ. नव्या रीतीने ते यायचे आहे, महिना शन. महिन्याचा स्तंभ बदलला, आणि दहा-दहा वर्षांचे टप्पे उलट मोजायचे असतील तर त्यांतला पहिला टप्पा जन्मानंतर काही महिन्यांत लागण्याऐवजी दहाव्या वर्षी लागणार. सूर्य होता तेथेच होता. सरकारी कोष्टक बदलले आणि त्याबरोबर माणसाचे नशीब बदलले.

ही बदलाबदल कोणी किरकोळ मानली नाही. 1664 मध्ये यांग ग्वांगशियानने शालवर खटला भरवला. आरोपांत पंचांगाचे दोष होते, परधर्माचा प्रसार होता, आणि एक आरोप असा, की 1658 मध्ये वारलेल्या तान्ह्या राजपुत्राच्या दफनाचा प्रहर खगोल-खात्याने अशुभ काढला आणि त्यामुळे राजघराण्यात मृत्यू झाले. 1665 मध्ये ली झूबाई आणि खात्यातले आणखी चार चिनी ख्रिस्ती अधिकारी ठार मारले गेले. शाललाही देहदंड झाला होता. भूकंपामुळे दरबार हादरला आणि तो सुटला, पण पुढच्या वर्षी, 1666 मध्ये, वारला. यांग खात्याचा प्रमुख झाला, मात्र त्याला पंचांग जमेना. मग तरुण कांगशी बादशहाने फर्डिनांड व्हर्बीस्ट या दुसऱ्या जेझुइटला दुपारच्या सावलीची लांबी आधी सांगायला लावून परीक्षा घेतली, तो खरा ठरला, आणि 1669 मध्ये नवी रीत परत आली. आज जगभर कुणीही बाझी मांडतो तो याच जेझुइटांच्या टप्प्यांवर. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या बदलाविरुद्ध थोडी कुरकुर केली असेल, पण हातात पंचांग सरकारी होते आणि त्यात जे छापले होते तेच धरून मांडणी होत राहिली.

आता कुणी म्हणेल, हा सारा जुना काळ. राजवटी गेल्या, 1912 पासून सरकारी पंचांग ग्रेगोरियन झाले, आता तरी आठ अक्षरे सरकारच्या हातून सुटली असतील. ती अजून सुटलेली नाहीत. 1949 नंतर साऱ्या चीनला एकच बीजिंग वेळ लागू झाली, पूर्व रेखांश 120 ची. देशाच्या पश्चिम टोकाला काश्गर आहे 76 रेखांशाच्या जवळ. तेथे घड्याळ सूर्याच्या सुमारे तीन तास पुढे असते. 1986 ते 1991 या वर्षांत सरकारने उन्हाळ्यात घड्याळे आणखी एक तास पुढे केली, आणि त्या उन्हाळ्यांत जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना हा तास आधी वजा करावा लागतो. रेखांशाचा फरक काढायचा की नाही यावर मात्र एकमत नाही. काही जण खरी सूर्यवेळ काढून मांडतात. काही जण म्हणतात की जुना प्रहरही दरबारचाच होता, तेव्हा आज सरकारी घड्याळ सांगेल तोच प्रहर धरावा. परंपरेच्या दृष्टीने मला या दुसऱ्या पक्षाची बाजू अधिक सुसंगत वाटते. काश्गरच्या इस्पितळात घड्याळात साडेअकरा वाजता जन्मलेल्या मुलाला हा पक्ष वू प्रहर देतो, म्हणजे अग्नी. पहिला पक्ष सूर्याचे साडेआठ धरून छन प्रहर देतो, म्हणजे माती.